दोरीवर राहिलेली गोष्ट

माझ्यासोबत शिकवणारी लताबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या सामानाची यादी करत होते. खुर्च्या लिहून झाल्या होत्या. फोन ठेवला आणि खाली सतरंज्या लिहिल्या... हात आपलं काम करत राहतो. सुरतेच्या दवाखान्यातून आठवड्यात परत येते, वाचनखोलीची किल्ली खिडकीत ठेवलीय, एवढंच ती जाताना सांगून गेली होती.

आमची शाळा कोरीट गावाच्या बाजूला, कापसाच्या शेतांत. मी नाशिककडची, नोकरीने इथे आलेली. ती तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातली. मुलांशी बोलायची अहिराणीतच. मी आले तेव्हा पुस्तकं कपाटात, कुलपाआड होती. तिने ती बाहेर काढली, खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि चिमटे लावून पुस्तकं टांगली. पानं फाटतील, असं मी म्हणाले. "तू याद्या कर, मी पसारा करते. संसार बरा चाललाय आपला," म्हणत तिने मलाच चिमटे धरायला लावले.

दर शनिवारी ती मोठ्याने गोष्ट वाचायची आणि ऐन रंगात आली की थांबायची. पुढे काय झालं म्हणून मुलं गलका करायची. ती त्याच पानावर चिमटा लावून पुस्तक दोरीवर टांगायची. "मन्हाकडे काय देखतस? दोरीकडे देखा." ज्याला शेवट हवा त्याने तो स्वतः वाचायचा आणि तिच्या टेबलाशी येऊन घरच्या बोलीत तिला सांगायचा. तिला शेवट ठाऊक असायचा, तरी तोंडावर हात ठेवून ऐकायची, मध्येच खोटंखोटं भांडायची. राजा असा कसा मरेल, तूच मारला असशील त्याला, म्हणायची. मुलं गळ्याला हात लावून शपथा घ्यायची आणि पुरावा दाखवायला पुस्तक घेऊन यायची.

आता शनिवार मी घेते, तिच्यासारखीच मध्ये थांबून चिमटा लावते. मुलं बसतात, ऐकतात, उठून जातात. दोरीवरचं पुस्तक कुणी काढत नाही. तिने अर्ध्यावर सोडलेली, जंगलात वाट चुकलेल्या बकरीची गोष्टही तशीच लटकत होती. शाळेला ही खोली पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांसाठी हवी आहे. मुलं खरंच वाचतात का, असं मुख्याध्यापकांनी विचारलं. मी हो म्हणाले, पण मन खात होतं. गेल्या शनिवारी सहावीतल्या वैशालीला सरळच विचारलं, की तुम्ही पुस्तकं का घेत नाही. ती दोरीकडे बघत म्हणाली,

"शेवट वाचीसन कोनले सांगसूत, बाई?"

"माले सांग," मी म्हणाले. माझी अहिराणी ऐकून मागे कुणीतरी खुदकन हसलं. वैशालीने बकरीचं पुस्तक काढलं, खिडकीशी बसून संपवलं आणि लताबाईच्या टेबलाशी आली. हात सरळ, नजर समोर, तपासणीला साहेब आले की उभी राहते तशी. बकरी सुखरूप घरी पोहोचली, सर्वांना आनंद झाला, असं स्वच्छ पुस्तकी मराठीत तिने सांगितलं. मी काहीतरी भांडायला हवं होतं. छान, एवढंच म्हणाले. तिने मान हलवली, लताबाई जिथे थांबली होती ते पान शोधलं आणि पुस्तक पुन्हा तिथेच चिमट्यात अडकवून ठेवलं.