वेंडेल ओर्बानने निवडलेलं हलकं चाक

आमच्या क्लबात वेंडेल ओर्बानइतका नीटनेटका माणूस दुसरा नव्हता, आणि एवढ्या नीटनेटक्या माणसाने आपल्या हाताने आपल्या संसारातली सगळ्यात चांगली गोष्ट बिघडवावी, याचा मला अजून राग येतो. राग येतो म्हणजे काय, तो दुकानात आला की मी त्याला कॉफी देतो. पण ओतताना राग येतोच.

टोलीडो शहराच्या पूर्वेला, नदीपलीकडे, माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वेंडेल काचेच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचा. कमी बोलणारा, उंच, पाना वापरला की फडक्याने पुसून जागच्या जागी ठेवणारा. त्याची बायको रोझॅन शाळेची बस चालवायची. ती अंगाने भरलेली आणि आवाजाने त्याहून भरलेली. बसमधली पोरं दंगा करायला लागली की ती नुसती आरशात बघायची, आणि पोरं आपापली दप्तरं मांडीवर घेऊन गप्प बसायची. या दोघांना मूलबाळ नव्हतं. एक लहानशी, दोन माणसांची, छत उघडणारी जपानी स्पोर्ट्स कार होती. ती दोघांनी मिळून घेतली होती आणि दोघं मिळून पळवायची.

आमचा खेळ साधा. गावाबाहेरचा मोठा मॉल बंद पडला, त्याचं पार्किंग ओसाड झालं. तिथे रविवारी आम्ही नारिंगी शंकू मांडतो आणि त्यांच्यामधून एकेकाने गाडी न्यायची. शर्यत घड्याळाशी. शंकू पडला की दंड. ज्याची पाळी नसेल त्याने उन्हात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले शंकू उभे करायचे, मग तो डॉक्टर असो की न्हावी. नवराबायकोंत एकच गाडी असली तर दोघं ती आळीपाळीने चालवतात. वेंडेलचा आकडा अडतीस, तर रोझॅनची पाळी आली की दारावर त्याच्या आधी एकचा आकडा चिकटवायचा, झाली एकशेअडतीस.

आणि एक नियम. कारखान्यातून आली तशीच ठेवलेली गाडी एका गटात. आतलं काही बदललं की वरच्या गटात, जिथे दांडग्या इंजिनांच्या गाड्या असतात. वर गेलेली गाडी त्या मोसमात खाली येत नाही.

वेंडेल या खेळात बरीच वर्षं होता. रोझॅन नंतर शिकली, तीही तो म्हणाला म्हणून. पण कानामागून आली आणि तिखट झाली. बस चालवून बसलेला हात तिचा. वळणाच्या आधीच पुढचं वळण तिला दिसायचं. खालच्या गटाचा वार्षिक चषक एका वर्षी शरद ऋतूत तिच्या हातून केसभर फरकाने निसटला. शेजारच्या मॉमी गावातल्या एका दातांच्या डॉक्टरने तो नेला.

"पुढच्या वर्षी घेते," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "डॉक्टर, कपाटात तात्पुरताच ठेवा हां. कायमची जागा करू नका."

डॉक्टर हसला, पण मनापासून नाही. ती खरंच घेणार, हे त्यालाही दिसत होतं.

थंडी पडायला लागली तेव्हा गाडीत धाडधाड आवाज यायला लागला. वेंडेलने गॅरेजात इंजिन उतरवलं. त्याला धरून ठेवणाऱ्या दोन्ही माउंटिंगचं रबर फाटलेलं, आणि मागच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाची गती सांभाळणाऱ्या त्या जड चाकावर, खोल भेगा. दोन्ही नवीन घालणं भाग होतं. रोझॅनने मला दुकानात फोन केला. "गस, तो येईल. होतं तसंच दे त्याला. जड चाक, मऊ रबर. फॅन्सी काही नको. चषक आहे माझा."

दुसऱ्या दिवशी वेंडेल आला.

"दोन्ही प्रकारचं दाखव," तो म्हणाला.

"दोन्ही कशाला? बायकोने ऑर्डर दिलीय."

"दाखवायला तुझं काय जातंय?"

मी काउंटरवर मांडलं. एक मूळचं, बिडाचं, उचलताना कमरेला कळतं असं. दुसरं अ‍ॅल्युमिनियमचं, निम्म्या वजनाचं, चकचकीत. जड चाक असलं की गाडी जागेवरून शांतपणे सुटते. हलकं असलं की इंजिन पायासरशी उसळतं आणि पाय काढला की तितक्याच चटकन मरतं. माउंटिंगचंही तेच. मऊ रबर इंजिनाचा थरकाप स्वतः खातं. कडक असलं की गाडी लवकर झेपावते, पण सगळा थरकाप बसणाऱ्याच्या दातांत येतो.

वेंडेलने एका हातात ते हलकं चाक उचललं. खाली ठेवलं. परत उचललं. कापड निवडणाऱ्या बाईसारखी त्याची गत झाली होती, म्हणजे निवड झालेली असते, पण तरी दुकानदाराला सगळे तागे उलगडायला लावायचे.

"हे घातलंस तर गाडी वरच्या गटात जाईल," मी म्हणालो.

"जाऊ दे. वेळ तर कमी लागेल."

"आणि रोझॅनचा चषक?"

"अरे, तिचाच फायदा आहे. इतकं चांगलं चालवते, तिला चांगली गाडी नको?"

"मग विचार तिला."

"विचारलं तर सरप्राइज कसलं?"

"वेंडेल, बायकोला सरप्राइज द्यायचं तर फुलं मिळतात. हा काय, समोर कोपऱ्यावर."

तो हसला नाही. हलकं चाक आणि कडक माउंटिंग घेऊन गेला. गिऱ्हाइकाला मागेल ते द्यायचं, हा माझा धंदा. धंद्यात मी त्याच्या बायकोचा वकील नव्हतो.

वसंतातल्या पहिल्या रविवारी नोंदणीच्या टेबलावर मीच बसलो होतो. ओर्बान मंडळी आली. गाडी उभी असतानाच तिचा आरसा असा थरथरत होता की मागचं काही दिसू नये. रोझॅन उतरली ती गाल चोळत.

"घरापासून विचारतेय याला, ही अशी का थरथरते? तर म्हणतो, थांब, कळेल. गस, एकशेअडतीस लिही. खालचा गट."

मी वेंडेलकडे बघितलं. तो हसत होता, वाढदिवसाची भेट दुसऱ्याने उघडायची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

"खालचा नाही," तो म्हणाला. "वरचा. अगं, हलकं चाक घातलंय. कडक माउंटिंग. आता बघ कशी पळते."

रोझॅनने चोळत असलेला गाल सोडला.

"माझ्यासाठी घातलंस?" तिने विचारलं.

"आपल्यासाठी."

"बरं," ती म्हणाली. "घातलंस ना आता. राहू दे."

तिने आरडाओरडा करायला हवा होता. मी तिच्या जागी असतो तर ते चाक काढून त्याच्या गळ्यात बांधलं असतं. ती मुकाट्याने हेल्मेट घालून रांगेत गेली. सुरुवातीच्या रेषेवर गाडी बंद पडली. परत सुरू केली, परत बंद पडली. रोज भरलेली बस चढावर अलगद सोडणारी बाई, आणि सगळ्या क्लबासमोर तिची गाडी नवशिक्यासारखी आचके देत होती. कुणीतरी हसलंही. पुढे ती बरी गेली, पण त्या दांडग्या गाड्यांत बरी म्हणजे काहीच नाही. खालच्या गटात दातांच्या डॉक्टरने जी वेळ दिली, ती तिने मागच्या वर्षीच मागे टाकली होती. मोसमाच्या शेवटी डॉक्टरला चषक परत मिळाला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. मोठ्याने वाजवल्या, ती काहीही हळू करायचीच नाही.

उन्हाळा सरता सरताच तिने चालवणं सोडलं होतं. काही दिवस यायची, शंकू उभे करायची, सगळ्यांशी हसून बोलायची. मग तेही थांबलं. रविवारी ती आम्हा हंगेरियनांच्या चर्चच्या स्वयंपाकघरात जायला लागली. तिथे बायका सूपसाठी शेवया वळतात, चिकन पॅप्रिकाश नावाचा लालभडक रस्सा रांधतात आणि दुनियेची उणीदुणी काढतात. तिथेही ती वर्षभरात सगळ्यांची पुढारी झाली. वेंडेल एकटा यायचा. वरच्या गटात त्याचा नंबर कायम तळाशी. बायकोची साथ गेली, चषकही गेला; म्हणतात तसं, गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

मला वाटायचं, याच्या लक्षातच आलेलं नाही. चूक माझी. लक्षात त्याच्या पहिल्याच रविवारी आलं होतं. पण "पुढच्या हिवाळ्यात बदलतो" असं म्हणत त्याने कितीतरी हिवाळे घालवले. एका हिवाळ्यात छत शिवलं, एकात ब्रेक केले, एकात गाडीला रंग दिला. चाकाला हात लावायचा म्हणजे घरात त्याबद्दल बोलावं लागणार, आणि बोलायचीच तर त्याला भीती.

तो कारखान्यातून निवृत्त झाला त्या नोव्हेंबरात परत माझ्या काउंटरसमोर उभा राहिला.

"जुनं हवंय," तो म्हणाला. "जड चाक. मऊ रबर."

"आता आठवलं?"

"गस, खरं सांगू?"

"सांग. खोटं ऐकवायला इथे गिऱ्हाइकं पुष्कळ येतात."

तो काउंटरकडे बघत बोलला. "तिचा चषक हुकला त्या वर्षी प्रत्येक रविवारी ती माझ्या पुढे होती. गाडी तीच, टायर तेच. घरी जाताना मला समजावायची, त्या वळणावर तू ब्रेक लवकर दाबतोस रे, जरा धीर धर. प्रेमाने सांगायची. मी हूं हूं करायचो. मला वाटलं, गाडी माझ्या पायाला जुळेल अशी केली, तर मी तिच्या पुढे जाईन. बस एवढंच."

"आणि तिचा चषक?"

"डोक्यातच नव्हता, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं." त्याने बोटाने काउंटर पुसला. "होता. चांगला होता डोक्यात."

"हे तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस? मी काय पाद्री आहे?"

"तिला सांगणार आहे. आधी गाडी होती तशी करतो. ती एकदा चालवू दे. मग सांगतो."

हे त्याचं नेहमीचंच. माणसाशी बोलायच्या आधी यंत्र नीट करायचं. मी म्हणणार होतो, उलट कर, आधी बोल. पण त्याचा चेहरा बघून मी गोदामात गेलो आणि जड चाक काढून आणलं.

त्या हिवाळ्यात त्याने सगळं परत घातलं. वसंतात गाडी खालच्या गटात नोंदवली, दोघांच्या नावाने. रोझॅनला बरंच विनवावं लागलं म्हणे. ती आली. केस पांढरे झालेले, आवाज तोच.

"काय गस, जिवंत आहेस अजून? तुझ्या कॉफीनं अजून मारलं नाही तुला?"

गाडी उभी होती आणि आरसा स्थिर होता. वेंडेलने स्वतः दारावर एकचा आकडा चिकटवला. तो इतका खूश होता की मला बघवेना. त्या दिवशी सुरुवातीच्या रेषेवर माईक माझ्याकडे होता. मी झेंडा दाखवला आणि रोझॅनने गाडी सोडली, लोण्यासारखी. एक आचका नाही. मी मनात म्हटलं, आली रे, परत आली.

पण ती पळालीच नाही. प्रत्येक शंकूला दोन हात जागा सोडून, वळणाआधी कितीतरी लवकर ब्रेक दाबून, तिने गाडी आणली. एकही शंकू हलला नाही. वेळ एवढी लागली की फलकावर बघून लोक आपसात दुसरंच काही बोलायला लागले.

वेंडेल धावत गेला. "काय झालं? चाक बरोबर नाही? क्लच सुटतोय?"

"छे रे, गाडी छान आहे," ती उतरत म्हणाली. "बघ, नीट आणली. कुठे ओरखडासुद्धा नाही."

"अगं, पण पळवायची ना!"

"दुसऱ्याची गाडी कशी पळवणार?" हेल्मेट त्याच्या हातात देत ती म्हणाली. "तुझा एवढा जीव आहे तिच्यावर. काही झालं असतं तर उगीच रुखरुख लागली असती तुला."

टोमणा नव्हता तो. टोमणा मारला की तिच्या भुवया वर जायच्या, मला माहीत आहे. ती अगदी सरळ, काळजीने बोलत होती. वेंडेलने तोंड उघडलं. इतकी वर्षं साठवलेलं ते आता बाहेर येईल असं मला वाटलं. पण चर्चमधल्या दोन मैत्रिणी गाडी घेऊन फाटकाशी आल्या होत्या, त्यांनी हॉर्न वाजवला.

"मी निघते. शेवया खोळंबल्यात," ती त्याच्या दंडावर थोपटत म्हणाली. "तू मार तुझ्या फेऱ्या. जपून."

प्रत्येकाच्या ठरलेल्या फेऱ्या असतात. तिच्या अजून बाकी होत्या. पाळी आली तेव्हा नियमाप्रमाणे मी माईकवर पुकारलं, "एकशेअडतीस, रोझॅन ओर्बान." मैत्रिणींची गाडी रस्त्याला लागलेली मला तिथून दिसत होती. मागे रांग खोळंबली होती. वेंडेल तिचं हेल्मेट पोटाशी धरून माझ्याशेजारी उभा होता.

"अजून एकदा पुकार ना, गस," तो म्हणाला.

मी पुकारलं. मग पुढच्या गाडीला सोडलं.