सेनगाव ते कामाकुरा, पुढची सीट

आमच्या जीपमामांनी आयुष्यात कधी घड्याळ बघून प्रवास सुरू केला नाही. सेनगाव-हिंगोली रस्त्यावर तीस वर्षं त्यांची काळी-पिवळी जीप धावली आणि तिची सुटायची वेळ एकच होती, भरली की. इतरांच्या लेखी ती भरली की मामांच्या लेखी तेव्हा कुठे भरायला सुरुवात व्हायची. "जागा नसती माय, करावी लागती," असं मला सांगत ते दारात लटकलेल्यालाही आत कोंबायचे आणि आतल्यांना म्हणायचे, "सरका जरा पाव्हणे, घरी जाऊन पसरा." लोक कुरकुरत सरकायचे.

माणसांना ते सीट म्हणत. लग्नात "वऱ्हाड किती सीट?" आणि दवाखान्यात "वार्डात किती सीट?" माझ्या बारशाला पाळण्यात डोकावून त्यांनी आईला विचारलं होतं म्हणे, "हिला हाफ धरायचं का फुल?" आई त्यांची सख्खी बहीण, तरी दोन दिवस बोलली नाही.

या सगळ्या हिशेबात एकच सीट कधी पक्की नसायची, ती मामीची. मामी घरचं माणूस. ती पुढं बसली की हमखास कुणीतरी गिऱ्हाईक यायचं आणि मामा म्हणायचे, "तू जाय मागं." मागंही जागा नसली तर, "तू मागच्या जीपनं ये." मामी निमूट उतरायची. एकदा तिच्या सख्ख्या भावाच्या लग्नाला मामा वेळेवर पोचले आणि मामी पंगती उठल्यावर. तेव्हाही ती काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मामांना टोचलं, पण फार उशिरा.

मामीला काचबिंदू निघाला तेव्हा. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल. बाजूचं तिला दिसेनासंच झालं होतं. नळीतून बघावं तसं फक्त समोरचं दिसायचं. त्याच आठवड्यात मामांचा मला योकोहामाला फोन आला. मी तिथं नोकरीला होते.

"जय भीम माय. तुझ्या तिकडं ते उघड्यावर बसलेले बुद्ध हायेत ना, फोटो धाडला व्हता तू? तुझ्या मामीला दाखवायचेत. दिसतं तवर." मग म्हणाले, "पुढच्या सीटवर बसवून."

पासपोर्ट, व्हिसा, विमान हे सगळं त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. त्यांचं लक्ष त्या एका दिवसावर होतं, योकोहामाहून समुद्राकाठच्या कामाकुराला जाऊन यायचं. महिनाभर रोज फोन.

"गाडी किती सीट झाल्या की सुटती?"

"वेळ झाली की सुटते, मामा."

"अन् रिकामी आसली तर?"

"तरी सुटते."

"अन् कुणी पळत येऊन राहिलं तर?"

"दार लागतं."

"लई निर्दय लोक हायेत माय."

मग त्यांना वाटेत गाडी बदलायला एक फाटा हवा होता. कामाकुरा स्टेशनला उतरून छोटी गाडी धरायची, असं मी सांगितल्यावर ते खूश झाले. "म्हंजे वारंगा फाटा. तिथं च्या." एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी नकाशा काढला आणि योकोहामाच्या जागी सेनगाव लिहिलं, समजायला सोपं जावं म्हणून.

त्या छोट्या गाडीत ड्रायव्हरच्या मागं मोठी काच असते, तिथून समोरचे रूळ आणि समुद्र दिसतो, हे मी बोलले आणि फसले. पुढचे सगळे फोन त्या जागेचे. "रुमाल टाकला तर चालतो का?" नाही, मामा. "मग टावेल?"

मे महिन्यात दोघं आले. ठरल्या दिवशी मामा पहाटेच दशम्या आणि ठेचा बांधून तयार. फलाटावर गेल्या गेल्या त्यांच्या तोंडून सवयीनं निघालं, "चला कामाकुराऽ कामाकुराऽ!" दोन सभ्य बायका घाबरून पलीकडच्या डब्यात गेल्या.

घोटाळा केला तो वारंगा फाट्यानं. चहा घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही, असा मामांचाच नियम. चहा पिऊन छोट्या गाडीत शिरलो तर काचेपाशी कॅमेरा गळ्यात घातलेले एक आजोबा ठाण मांडून उभे. मामांचा चेहरा पडला. महिनाभर आखलेलं एका कपात बुडालं होतं. ते पुढं झाले, हात जोडले आणि शुद्ध सेनगावी बोलीत म्हणाले, "पाव्हणे, जरा सरका. माझी घरवाली हाय. हिला फकस्त समोरचं दिसतं. तीस वर्षं म्या हिला मागं बसवली."

मी जपानीत सांगायला तोंड उघडेपर्यंत आजोबा मामीचा चाचपडणारा हात बघून बाजूला झाले होते. शिवाय वाकून नमस्कारही केला. मामांनी मामीला काचेपुढं उभं केलं आणि स्वतः मागं राहिले. घरांच्या मधून वाकडीतिकडी वळत गाडी निघाली, आधी समुद्र म्हणून बुद्धांचं स्टेशन आम्ही मागं टाकलं, एक बोगदा गेला आणि समोर एकदम समुद्र आला.

"आवं, किती पाणी!" मामी म्हणाली.

मग मागं फिरून बुद्धांच्या स्टेशनला उतरलो. बुद्धांपुढं ती बराच वेळ उभी होती, अगदी समोर. मामा तेवढ्यात भिंतीला टांगलेल्या गवताच्या प्रचंड चपला बघून आले. बुद्ध कधी चालायला निघाले तर असाव्यात म्हणून ठेवल्यात, असं मी सांगितलं. मामांनी मूर्तीला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "चार सीट धरा," ते म्हणाले.

परत गेल्यावर वर्षभरात मामीची नजर पूर्ण गेली. गेल्या थंडीत मामा गेले, झोपेतच, कुणाला सरका न म्हणता. पुण्यानुमोदनाला मी सेनगावात होते. मामांनी हा प्रवास गावाला इतक्यांदा सांगितला होता की शेजाऱ्यांनाच पाठ. एक जण सांगत होता, बुद्ध पाण्याच्या टाकीच्या दुप्पट, आणि समुद्र तर गाडीत शिरला, मामांचे पाय वले झाले.

भिंतीला टेकून बसलेली मामी म्हणाली, "समदं खोटं. पाणी रस्त्याच्या पल्याड व्हतं. म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलंय."

"पण मामाच सांगायचे..." तो म्हणाला.

"त्यायनी कुठं पाह्यलं? ते माझ्याकडं बघत व्हते. काचंत दिसून राह्यले व्हते मला."