मोडायचा ठसा

पहाटे पाचला गौसचा दिवस सुरू होई. राजर्षी शाहू महाराजांच्या अमदानीत शुक्रवार पेठेत आण्णा म्हणून दातांचे एक डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यात पाणी तापवायचं, ठशात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढायचा, कवळी घासून गुळगुळीत करायची, ही गौसची कामं. अठरा वर्षांत एक खाडा नाही.

तोंडाचा ठसा घ्यायला दोन वस्तू होत्या. मेण मऊ, रोग्याला सोसायचं. पण आत कललेल्या दातावरून निघताना ते ताणलं जाई आणि तसंच राही. प्लास्टर वाकत नसे, म्हणून घट्ट झाल्यावर तोंडातच फोडून तुकड्यांनी काढावं लागे. रबर वाकून जागेवर येई, पण ठसा धरत नसे. दोन्ही गुण असलेली वस्तू अजून कुणी आणली नव्हती.

गौसची बायको लालबी. तिच्या खालच्या जबड्यात दोनच दात उरलेले, तेही आत झुकलेले. चार वर्षं ती भाकरी आमटीत भिजवून गिळत होती. गौसनं पगारातून मागं टाकलं होतं ते एका कवळीपुरतं. ती बिघडली तर दुसरी होणार नव्हती.

आण्णांनी मेणाचा ठसा घेतला. गौसनं तो बाहेर पडवीत नेऊन उजेडात धरला; आण्णा मागोमाग आले, लालबी आत खुर्चीतच होती. दातांच्या खाचा पसरल्या होत्या.

"आण्णा, हे ताणलंय. प्लास्टर घ्या की."

"बाईमाणसाला तोंडातली फोडाफोडी सोसंल व्हय?"

"वीस वर्षं मला सोसलंय तिनं."

प्लास्टर लवकर घट्ट व्हावं म्हणून गौसनं पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं. वेळ भरल्यावर आण्णांनी ते हलवून तोंडातच फोडलं आणि तुकडे काढले. गौसनं तुकडे फडक्यावर जुळवले. डाव्या दाताजवळ हरभऱ्याएवढी जागा रिकामी राहिली. त्यानं खुर्चीखाली पाहिलं, फरशी झाडली. लालबी ओठ मिटून बसली होती.

गौसनं तिच्यापुढं तळहात धरला. तिनं जिभेखालून तुकडा काढून दिला.

"माझ्या दातानं साहेबाची वस्तू मोडली," ती हळूच म्हणाली. "घरी जाऊन टाकणार हुते."

ती मोडायचीच असते, हे गौसनं तिला सांगितलं नव्हतं. चूक त्याची होती.

तुकडा चपखल बसला. पुढं साचा, कवळी, घासणं सगळं गौसनं स्वतः केलं. मागं टाकलेला पगार त्या कवळीत संपला. पहिल्या दिवशी लालबीनं आमटीची वाटी बाजूला सारली आणि भाकरी कोरडी चावून खाल्ली.