ओंजळभर वजन

आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीमागे छोटंसं अंगण आहे. तळमजल्यावरचे काका तिथे कॅमेरा लावून तारे आणि पाखरं टिपतात. ते लहानथोर सगळ्यांना अहो-जाहो करतात, खारीलासुद्धा.

अंगणातल्या झगझगीत दिव्यापुढे तारे दिसत नसत. अंधारावरही सर्वांचा हक्क आहे, असं ठणकावणारं पत्रक मी लिहिलं. काका म्हणाले, "अहो, हे वाचून सेक्रेटरी आणखी एक दिवा लावतील." मग दारोदार विनवून त्यांनी एका रात्रीपुरता दिवा बंद करून घेतला.

कॅमेरा तीन तास न हलता राहिला, तरच फिरत्या ताऱ्यांच्या अखंड रेघा उमटणार होत्या. दोन तासांनी एक पिंगळा नेमका कॅमेऱ्यावरच येऊन बसला. मी हाकलायला धावलो, तर काकांनी माझं मनगट धरलं.

"बसू द्या त्यांना. त्यांनाही आजच अंधार मिळालाय."

सकाळी त्यांनी फोटो दाखवला. आकाशभर रेघा होत्या आणि प्रत्येक रेघ मध्येच किंचित मोडली होती.

"इथे ते आले," काका हळूच म्हणाले.

त्या ओंजळभर घुबडाच्या वजनानं सगळे तारे एकदम हलले होते.