आवाज नापास

मंडळी, आज संध्याकाळी आमचं गोंडी अ‍ॅप अ‍ॅप स्टोअरच्या नव्या नियमात पास झालं! भद्रावतीच्या एका खोलीत बसून आम्ही दोघी मैत्रिणींनी केलंय, मिरवणारच.

एटापल्लीकडच्या नर्ससाठी आहे ते. ‘पाणी’ दाबलं की फोन गोंडीत ‘येर’ म्हणतो. आवाज तिथल्याच तानीबाईंचा.

जुने फोन मेमरी चार केबीच्या मापानं घेतात, काही नवे फोन सोळाच्या. अ‍ॅप दोन्हींवर चाललं पाहिजे, हा नवा नियम. आवाज वाजवणारा आमचा कोड जुन्या मापाचा निघाला. तानीबाईही आहेत त्या अ‍ॅपच्या ग्रुपवर मी घाईत लिहिलं, ‘आवाज नापास. बाकी ठीक.’

आज दुपारी दारात तानीबाई! पहाटे निघून, दोन बस बदलून आलेल्या.

“माहा आवाज नापास झाला मंते. सांग, आता कशी बोलू?”

मला इतकी लाज वाटली! म्हटलं, “बाई, तुमच्या आवाजाले काईच नाई झालं. माह्या कोडचं माप लहान होतं.” दुरुस्त केलेलं अ‍ॅप नव्या फोनवर उघडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बटण दाबलं. “येर,” फोन खणखणीत बोलला.

बाई हसल्या. “मंजे वेचलेलं मोहफूल चांगलंच होतं. टोपली तुही लहान होती!”

मंजुरी आल्यावर ग्रुपवर लिहिलं, ‘टोपली पास झाली. आवाज पहिल्यापासून पास होता.’

तुमच्या तुटक मेसेजनं कोणाला दोन बस बदलायला लावल्यात का?