दशमीचा तुकडा

डिझेलचा वास आला की मला गोव्याची बोट आठवते. मी तेव्हा कॉलेजात होते. डेकवर सतरंजी टाकली आणि बोट डोलू लागताच सोबत आलेली धुळ्याची आत्या पांढरीफटक पडली. "पोट रिकामं ऱ्हायनं म्हणजे उलटी येत नही," म्हणत तिनं दशम्यांचा डबा बंद केला. पुढच्या बंदरात उतरून गावी परतायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं. बोटीच्या भिंतीवरची इंग्रजी सूचना मी वाचली होती: उपाशी राहू नका, कोरडं थोडं थोडं खा, नजर लांब ठेवा. घरात मी कधी तोंड उघडत नसे. आता दशमी मोडून तिच्या हातात दिली. "आत्या, तिकडे लांब बघ आणि हे चाव. आपण उतरणार नाही." ती लांब बघत चावू लागली. तासाभरात तिनं दुसरी मागितली आणि शेजारच्या सतरंजीवरच्या बाईला सांगितलं, "आम्हनी मुकी पोर बोलनी व माय!" अजूनही मी कमीच बोलते, पण बोलले की घरचे ऐकतात.