बाजू बदललेली पिशवी

नाव साखरबाई, पण भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तिची जीभ मिरचीसारखी झोंबायची. किनाऱ्यावरच्या मुरबे गावाहून रिक्षाने मासळीची पाटी घेऊन ती बोईसरच्या बाजारात बसे. पैसे ओले होऊ नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोलक्यात डाव्या अंगाला खोचायचे, ही तिथल्या सगळ्याच मासळीवाल्यांची रीत. त्याच जागी हाताला गाठ लागली, तेव्हा बाईने शहाणपण केलं: पिशवी घासून घट्टा पडला असणार! कोयता धरून बोटांना घट्टे पडतात, मग इथे का नाही? पिशवी उजवीकडे गेली आणि साखरबाई निर्धास्त झाली.

चंद्रकांता तिचं जुनं गिऱ्हाईक. मूळची साताऱ्याकडची, नवरा एमआयडीसीत कामाला. बोंबलांसाठी तोंडाला फेस येईपर्यंत घासाघीस करणारी, म्हणूनच साखरबाईची लाडकी. एकदा सुट्टे घेताना ती थबकली.

"मावशी, पिशवी इकडं कशी? नेहमी डावीकडं असते."

"गाठ आलीय घासून. तू बोंबील घे नि चाल."

चंद्रकांताने बोंबील घेतले नाहीत. पाटीपुढे ठाण मांडून बसली. "आधी दवाखाना. तोवर मी हलत नाही, गिऱ्हाईकही येऊ देत नाही!" साखरबाईने तिला शेलक्या शिव्या हासडल्या. शेवटी धंदा बुडतो म्हणून उठली आणि वाटभर बडबडत गेली.

तपासणीत स्तनाचा कॅन्सर निघाला. वेळेत आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, तोंडाची चव गेली; जीभ तेवढी शाबूत राहिली, देवाची कृपा.

"पिशवीनं झाला काय?" साखरबाईने विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. पिशवी घासून कॅन्सर होत नाही, त्या म्हणाल्या. पण प्लॅस्टिकचे डोळ्यांना न दिसणारे कण आता पाण्यात, मासळीत, माणसाच्या रक्तातही सापडतात. प्लॅस्टिकमधली काही रसायनं हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात, आणि तुमची गाठ हार्मोनवर वाढणारी होती. दोन्हींचा संबंध असेल का, याचा शोध चालू आहे. तुम्हाला कशाने झाला ते मला ठाऊक नाही. साखरबाईला हे 'ठाऊक नाही' फार आवडलं. गावात ज्याला त्याला सगळंच ठाऊक असतं.

तरी घरी आल्यावर तिने फर्मान काढलं. जाळ्यात मासळीबरोबर येणारा प्लॅस्टिकचा कचरा तिचा मुलगा पंढरी, चारचौघांसारखाच, परत पाण्यात भिरकावायचा. "नक्की ठाव नाय म्हणून काय कचरा दर्याला चारायचा?" आता तो कचरा गोणीत भरून किनाऱ्यावर आणतो. कुरकुरत आणतो, पण आणतो.

यंदा नारळी पुनवेला साखरबाईने चंद्रकांताला मुद्दाम बोलावलं. दर्याला वाहायच्या नारळावरचा चकचकीत प्लॅस्टिकचा कागद टराटरा फाडला आणि नारळ तिच्या हातात दिला.

"मावशी, हा मान तुमच्या घरच्यांचा."

"मग तू कोन? आमच्याच घरची."

चंद्रकांता पाण्याच्या कडेला उभी राहिली, पण पाऊल पुढे टाकेना. "माझ्या थोरल्या बहिणीलाही अशीच गाठ होती," ती हळूच म्हणाली. "पदर सावरत राहायची. मला दिसत होतं. लाजेपायी विचारलं नाही. गेली ती."

साखरबाई पुढे झाली. तिने चंद्रकांताला पोटाशी धरलं.

"मना इचारलंस ना, बाय," ती म्हणाली. "म्हणून तं मी हाय."

मग दोघींनी मिळून नारळ पाण्यात सोडला.